मानवी हक्कांचा अर्ज जरूर करा, पण आधी योग्य टेबलावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या कायदा सल्ल्याच्या सदरात मध्यंतरी एका भगिनीला उत्तर छापून आलं होतं. ती एका खासगी दवाखान्यात कामाला आहे, तिथला वरिष्ठ तिला त्रास देतो, काय करू, असा तिचा प्रश्न. उत्तर चार ओळींचं. कामाच्या ठिकाणचा छळ म्हणजे मानवी हक्कांचं उल्लंघन, राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा, मुदत एक वर्षाची आहे. संपलं.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी हे वाचून ज्या बायका निवांत राहिल्या असतील त्यांचं नुकसान झालेलं आहे. ते कसं, हे कळवण्यासाठी हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, फक्त मुदतीचा मजकूर कापू नका.

मी सांगलीत विजयनगरला, जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर टेबल टाकून अर्ज टाईप करून देते. जुन्या कचेरीबाहेर बसायचे तेव्हा गोदरेजचा मराठी टाइपरायटर होता. कार्बन लावून चार प्रती काढायच्या, आणि चौथी प्रत वाचणाऱ्या साहेबाला चष्मा पुसावा लागायचा. आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. वारस नोंद, सातबाऱ्यावरची चुकलेली नावं, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, हा रोजचा धंदा. छळाच्या तक्रारी त्यामानाने थोड्या, पण येतात त्या बहुतेक माझ्याकडेच, कारण शेजारच्या टेबलांवर सगळे पुरुष आहेत. मी वकील नाही. पण ज्या कायद्याखाली अर्ज टाईप करायचा तो मुळातून वाचल्याशिवाय मी बोटं चालवत नाही, ही खोड मला टायपिंग इन्स्टिट्यूटच्या सरांनी लावली.

तर मुदत. कामाच्या ठिकाणी बाईच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे, 9 डिसेंबर 2013 पासून लागू. त्याखाली कामाच्या ठिकाणच्या किंवा जिल्ह्याच्या चौकशी समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या प्रकारापासून तीन महिने. समितीला पटलं की बाईला खरोखरच अडचण होती, तर समिती कारणं लिहून ठेवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. पुढे दार बंद. मानवी हक्क आयोगाची मुदत मात्र घटनेपासून एक वर्ष. म्हणजे जिला कुणी 'एक वर्ष आहे' असं सांगितलं, ती ज्या दाराशी खरा निकाल लागू शकतो त्या दाराची मुदत घरात बसून संपवते.

मिरजेतल्या एका दवाखान्यातली सिस्टर माझ्याकडे आली ती दिवाळी झाल्यावर. शेवटचा प्रकार घडला होता उन्हाळ्यात, रात्रपाळीला. मी तारीख विचारली आणि टायपिंग थांबवलं. तिला वाटलं, वीज गेली. "ताई, वर्ष आहे ना अजून?" असं तिनेच मला विचारलं. तिच्या भावाला कुणीतरी तसं सांगितलं होतं, आणि मधले महिने तिने मनाची तयारी करण्यात, नवऱ्याला सांगण्यात, नवऱ्याने सासूला न सांगण्यात घालवले होते. यात तिचं काय चुकलं? पण दवाखान्याच्या अंतर्गत समितीने अर्ज मुदतबाह्य म्हणून ठेवून दिला. मानवी हक्क आयोगाकडेही तिने पाठवला. तिथून उत्तर आलं की गैरअर्जदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, लोकसेवक नाही.

हे दुसरं कारण जास्त लोकांना माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आयोग ज्या कायद्याने निर्माण झाला तो मानवी हक्क संरक्षण अधिनियम 1993 चा. त्यात मानवी हक्काची व्याख्या मोठी सुंदर आहे. जीवित, स्वातंत्र्य, समानता आणि प्रतिष्ठा यांचे हक्क, जे संविधानाने दिलेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत आहेत आणि जे इथली न्यायालयं अमलात आणू शकतात. एवढं वाचलं की कुणालाही वाटेल, साहेबाने माझी प्रतिष्ठा घालवली, झालं की उल्लंघन. पण चौकशी कशाची करायची ते कलम 12 मध्ये दिलंय, आणि तिथे शब्द आहे लोकसेवक. लोकसेवकाने केलेलं उल्लंघन, किंवा उल्लंघन रोखण्यात लोकसेवकाने केलेली हयगय. खासगी दवाखान्याचा डॉक्टर, कारखान्याचा सुपरवायझर, शोरूमचा मालक हे काही लोकसेवक नव्हेत. राष्ट्रीय आयोगाच्या कार्यपद्धतीच्या नियमांत तर कोणत्या तक्रारी घेणार नाही त्याची यादीच आहे. वाचता न येणाऱ्या, मोघम, निनावी, सेवाविषयक बाबींच्या, कामगार वादाच्या, न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणांच्या. (वाचता न येणाऱ्या तक्रारी फेटाळतात हे आमच्या धंद्याच्या फायद्याचं आहे, ते असो.)

मग लोक म्हणतात, पुण्याच्या त्या मुलीच्या वेळी आयोगाने कशी दखल घेतली? 2024 मध्ये पुण्यात एका मोठ्या खासगी कंपनीतल्या तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला, कामाच्या ताणाने झाला असं आईने पत्रात लिहिलं, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. खरं आहे. पण नोटीस कुणाला गेली ते बघा. अहवाल मागितला तो केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे. बातमीचा मथळा वाचून सगळ्यांना वाटलं, आयोग खासगी कंपन्यांना जाब विचारतो.

छळाला मानवी हक्कांचं उल्लंघन म्हणणं चूक आहे असं मला म्हणायचं नाही. उलट मूळच ते आहे. राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर विशाखा आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 ला विशाखा निकाल आला. कामाच्या ठिकाणी छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमा असं सांगणाऱ्या त्या निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या सुरुवातीलाच 1993 च्या कायद्यातल्या मानवी हक्कांच्या व्याख्येचा उल्लेख आहे. म्हणजे समितीचं दार बांधलंच मानवी हक्कांच्या पायावर. पण दार ते आहे, मुंबईत सीएसएमटीसमोरचं राज्य आयोगाचं नाही. निदान पहिलं तरी नाही.

आता यातला सगळ्यात घाणेरडा भाग. मानवी हक्क हे शब्द पाटीवर, गाडीच्या काचेवर, गळ्यातल्या ओळखपत्रावर लावून फिरणारे लोक आपल्या भागात किती झालेत ते आपल्या वार्ताहरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिरंग्याचा पट्टा, सिंहासारखं काहीतरी बोधचिन्ह, खाली 'राष्ट्रीय' आणि 'आयोग' यांच्या जवळपास जाणारं नाव. कुपवाड एमआयडीसीतली एक पॅकिंगवाली माझ्याकडे येण्याआधी अशा एका 'जिल्हाध्यक्षां'कडे जाऊन आली होती. त्यांनी तिच्याकडून केस फी घेतली. कारखान्याला आपल्या लेटरहेडवर 'नोटीस' धाडली, खाली लाल शिक्का. मालक दोन दिवस घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं की हे प्रकरण हिच्याशी बोलून मिटवण्यापेक्षा जिल्हाध्यक्षांशी बोलून मिटवणं सोपं आहे. मिटलं. बाईच्या हातात काही आलं नाही, आणि पुढच्या सोमवारी गेटवर तिला सांगितलं, ठेकेदाराने तुझं नाव काढलंय.

म्हणून मोठ्या अक्षरात छापा. खरा आयोग तक्रारीला एक रुपया घेत नाही. वकील लागत नाही. मराठीत लिहून चालतं. त्यांचे गावोगाव प्रतिनिधी नसतात आणि ते कुणाला ओळखपत्र विकत नाहीत. आणि 2013 च्या कायद्यात समेटाची सोय आहे, पण ती बाईने स्वतः मागितली तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि त्या समेटाचा पाया पैसा असता कामा नये, असं कलमात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे 'एवढे घेऊन टाका' म्हणणारा माणूस कायद्यातला नव्हे, कुठलं का ओळखपत्र असेना.

योग्य टेबल कोणतं, तर दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती. अध्यक्ष तिथलीच वरच्या पदावरची बाई, किमान दोन कर्मचारी, एक बाहेरच्या संस्थेची व्यक्ती, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका. समितीच नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड. आमच्याकडचे छोटे कारखानदार यावर एक युक्ती करतात. हजेरीपटावर नऊच नावं, बाकीच्या बायका ठेकेदाराच्या. चालत नाही ते. कायद्याने कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारी, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, सगळे. पगार मिळो न मिळो.

जिथे खरोखर दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या मोलकरणींनाही हीच. आणि आता सांगते, मी ज्या इमारतीसमोर बसते त्या इमारतीत शिरणाऱ्या दहा माणसांना विचारा की स्थानिक समिती कुठे आहे. 'कुठल्या गावची?' असं विचारतील. ग्रामपंचायतीची वाटते त्यांना. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडवर हंगामात बायका बसतात निवडायला, पाच-सहा जणींची टोळी, वर एक मुकादम. त्यांच्यासाठीच ही समिती आहे, आणि त्यांच्यातल्या एकीलाही ती माहीत नाही. जतहून सांगलीला यायचं तर दिवसाची हजेरी बुडते. कायद्यात त्याचीही तजवीज आहे. प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा, त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडे पोचवायची. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याचे हे अधिकारी कोण, त्यांचे फोन काय, हे आपल्या वार्ताहराने एकदा फिरून छापावं.

ही ओरड मी एकटी करत नाहीये. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावरून, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य, सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 ला निकाल दिला, आणि त्यात देशभर हा कायदा कसा कागदावर राहिलाय याबद्दल चिंता व्यक्त केली. पुढे 3 डिसेंबर 2024 ला जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या नेमा, तालुक्याला नोडल अधिकारी नेमा, असे तारखा घालून आदेश दिले. म्हणजे कायदा होऊन अकरा वर्षांनी न्यायालयाला सांगावं लागलं की कायद्यात लिहिलेली माणसं नेमा.

त्याच गोव्याच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे जी समितीवाल्यांनी वाचायला हवी. तक्रारी 2009 च्या. समितीने घाईघाईने लागोपाठ बैठका घेतल्या, ज्याच्यावर आरोप होते त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा निर्णय रद्द करून प्रकरण परत 2009 च्याच टप्प्यावर पाठवलं. चौदा वर्षांनी! तक्रार करणाऱ्या मुली तोवर कुठच्या कुठे गेल्या असतील. समितीने नीट काम केलं नाही तर त्याचा भुर्दंड दोन्ही बाजूंना पडतो.

अर्ज कसा लिहायचा, हा माझा खास विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

बायका येतात आणि म्हणतात, "लिहा, साहेब नको ते बोलतात." मी म्हणते, हे मी लिहू शकते, पण वाचणाऱ्याला यातून काही कळणार नाही. नको ते म्हणजे काय? मग गप्प होतात. अर्ध्याअधिक तक्रारी इथेच मरतात. 'अश्लील भाषा वापरली', 'गैरवर्तन केले', 'मानसिक त्रास दिला', असे गुळगुळीत शब्द घालून अर्ज तयार करून देणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि समितीसमोर उलटतपासणीला पहिला प्रश्न तोच येतो, नक्की काय बोलले? म्हणून मी काय करते, बाईला कोरा कागद आणि पेन देते आणि पाठ करून चहा प्यायला जाते. तिने तिच्या हाताने तो माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहायचं. शिवी असेल तर शिवी. कानडी मिसळलेली असेल तर तशी. परत आल्यावर मी ते मोठ्याने वाचत नाही, त्यावर काही बोलत नाही, तसंच अवतरणचिन्हांत टाईप करते. जिला लिहिता येत नाही ती कानाशी येऊन सांगते, आणि मी मान वर न करता टाईप करते. खरं तर कायद्यात लिहिलंय की जिला लेखी देता येत नाही तिला समितीच्या अध्यक्षाने किंवा सदस्याने लिहायला मदत करायची. तसं झालं तर माझं गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. पण एवढ्या वर्षांत समितीने लिहून दिलेला अर्ज काही माझ्या पाहण्यात आला नाही.

पहिल्या परिच्छेदात शेवटच्या प्रकाराची तारीख. मुदत त्यावरून मोजतात, ती शोधायला वाचणाऱ्याला तिसऱ्या पानावर जावं लागू नये. तारीख आठवत नसेल तर त्या दिवशी काय होतं ते आठवायचं. पगाराचा दिवस, कुणाची सुट्टी, पाळी कुठली, स्टॉकची मोजणी, गावची जत्रा. एका मुलीला तारीख सापडली ती बसच्या पासवरून. मग मागे जात एकेक प्रकार, ठिकाण, वेळ, तिथे आणखी कोण होतं. साक्षीदार पुढे येणार नाही असं वाटलं तरी नाव लिहायचं, बोलावणं समितीचं काम. फोनवरचे मेसेज रागाने डिलिट करू नका. फोन बदललात तर जुना विकू नका. स्क्रीनशॉटवर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, नुसतं 'सर' असं नाव नको.

तक्रार सहा प्रतींत द्यायची असते, जोडलेल्या कागदांसकट. हे नियमात आहे आणि कुणी सांगत नाही, मग तिथला कारकून 'प्रती कमी आहेत' म्हणून परत पाठवतो. तात्पुरती सोय हवी असेल, म्हणजे त्या माणसाच्या हाताखालून बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा, तर ती मागणी लेखी करावी लागते. नव्वद टक्के बायका ती मागतच नाहीत, आणि चौकशी होईपर्यंत त्याच माणसाकडे रोज हजेरी लावतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, तोवर कशी काढायची एकेक पाळी?

आणि भीती दाखवतात ती खोट्या तक्रारीची. 'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई.' कायद्यात खोट्या तक्रारीवर कारवाईचं कलम आहे, नाही असं नाही. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की नुसती तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरावा कमी पडला म्हणून ती कारवाई करता येत नाही. मुद्दाम, द्वेषाने केली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. हे वाक्य मी छापून टेबलावर काचेखाली ठेवलंय. पोलिसांकडे जायचं असेल तर तो रस्ता वेगळा आणि समितीबरोबरच उघडा असतो, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 75.

शेवटी पोच. पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असं म्हणूच नका. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा' म्हटलं तर ठेवू नका, आवक कक्षात जा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. खासगी कंपनी पोच देत नसेल तर पोस्टाने पाठवा.

आता मानवी हक्क आयोगाचा खरा उपयोग कुठे आहे ते सांगते, कारण मी स्वतः आयोगाकडचे अर्ज टाईप करून देते आणि पुढेही देणार आहे. समजा, बाईने स्थानिक समितीकडे वेळेत अर्ज दिला, पोच घेतली, आणि सरकारी कार्यालयात तो अर्ज कपाटात पडून राहिला. आता बघा कलम 12. उल्लंघन रोखण्यात लोकसेवकाने केलेली हयगय! आता गैरअर्जदार सुपरवायझर नाही, कार्यालय आहे, आणि ते लोकसेवकांचं आहे. हातात पोच आहे, तारीख आहे. असा अर्ज 'लोकसेवक नाही' म्हणून परत येत नाही. आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि आयोगाने अहवाल मागवला की तो अर्ज कपाटातून टेबलावर येतो, हे मी समोर बसून पाहिलंय. मात्र शेवटी आयोग शिफारस करतो, नुकसानभरपाईची असो किंवा कारवाईची. हुकूम नाही. त्यामुळे तिथून मालकाला शिक्षा होईल या आशेवर कुणी राहू नये.

नगरपालिका, सरकारी दवाखाने, आश्रमशाळा, पोलिस खातं, अशा ठिकाणचे लोक मात्र थेट जाऊ शकतात. तिथेही लिहिण्याची मेख आहे. 'माझी बदली केली, गोपनीय अहवाल खराब लिहिला' असं लिहिलंत की ती सेवाविषयक बाब झाली, अर्ज गेला. एका कंत्राटी सफाई कामगाराला मुकादम आणि निरीक्षक मिळून सगळ्यांसमोर उकिरड्याजवळ उभं करून शिव्या द्यायचे, हातमोजे मागितले म्हणून. तो पगाराचं आणि कंत्राटाचं रडगाणं घेऊन आला होता. मी म्हटलं, पगाराचं कामगार अधिकाऱ्याकडे वेगळं लिहू, इथे फक्त उकिरड्याजवळचं लिहू. जातीवरून बोललेलं असेल तर ते अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली पोलिसांकडे आणि अनुसूचित जाती आयोगाकडेही जातं, आणि ते जसंच्या तसं लिहायला लोक सगळ्यात जास्त कचरतात. ते लिहिताना माझीही बोटं अडखळतात.

एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही आणि आपल्या सल्लागारांकडेही नसावं. फायनान्स कंपनीतला वसुलीवाला पोरगा येतो. टार्गेट झालं नाही म्हणून मॅनेजर रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर चाळीस जणांसमोर त्याच्या आईबापावरून बोलतो, रात्री अकराला फोन करतो. यात लैंगिक काही नाही, जात काढलेली नाही, कंपनी खासगी, पगार वेळेवर. आयोग घेणार नाही. स्थानिक समिती बायकांसाठी. कामगार कार्यालयात विचारतात, काढून टाकलं का? नाही. पगार राहिला का? नाही. मग? त्या पोराला मी काय टाईप करून देऊ? कंपनीच्या एचआरला एक अर्ज करून देते, सगळ्या तारखा घालून, आणि त्याला सांगते की प्रत जपून ठेव. बाईमाणसासाठी भंवरीदेवींच्या प्रकरणातून कायदा आला, आणि तो यायला 2013 उजाडलं. नुसत्या अपमानाविरुद्ध, पुरुष असो की बाई, खासगी नोकरीत धड दार नाही, हे निवडणुकीच्या वेळी कुणी उमेदवाराला विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता थोडं आपल्याविषयी. अशा एका प्रकरणाची बातमी देताना आपण बाईचं नाव दिलं नाही, पण वय दिलं, गाव दिलं, ती कुठल्या विभागात काम करते ते दिलं आणि नवऱ्याचा धंदा दिला. त्या गावात तेवढ्या वयाची, त्या कामावर जाणारी बाई एकच. 2013 च्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे तक्रार करणारी, ज्याच्यावर तक्रार आहे तो, साक्षीदार, यांपैकी कुणाचीही ओळख किंवा तक्रारीतला मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. न्याय मिळाला हे छापता येतं, कुणाला ते कळू न देता. ती बातमी आल्यावर दुसऱ्या एका बाईने माझ्याकडे तयार झालेला अर्ज फाडून नेला. सहाच्या सहा प्रती.

माझी मागणी एवढीच की पहिल्या आठवड्यात, आतल्या पानावर बेदाणा आणि हळदीचे भाव छापता त्याच्या शेजारी, एक चौकट द्या. जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन, प्रत्येक तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं पद आणि फोन, 'तीन महिने', 'सहा प्रती', आणि खाली राज्य मानवी हक्क आयोगाचा पत्ता, 'फी नाही' असं लिहून. अशी तक्रार ऑनलाइन नोंदवायच्या केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलचंही नाव टाका, मुली फोनवरून भरतात. मजकूर मी टाईप करून देईन, फुकट.

आपली,
एक टंकलेखिका
विजयनगर, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये.)

ता. क. : वर पोस्टाने पाठवा असं लिहिलंय. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर 'रजिस्टर एडी' म्हटलं की कारकून नुसती स्पीड पोस्टची पावती देतो. नोंदणी आणि पोचपावती दोन्ही वेगळ्या मागून घ्या.